गाणं सुरू केलं की एनव्हीडीए मुका होते, काहून?

भाऊ, तुझा मेसेज दोनदा ऐकला. भावाचं मंडप अन् साउंडचं काम आहे, लॅपटॉप तू सांभाळतो, दिसत नाही म्हणून सगळं एनव्हीडीएवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर चालते, लग्नसराईत गाणे अन् दिवाळीनंतर वडशाकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात मागचं म्युझिक. तक्रारी अशा का फूबार२००० ह्या गाणे वाजवायच्या प्लेयरमध्ये गाणं सुरू केलं की एनव्हीडीए मुका. मित्रानं टाकून दिलेल्या दुसऱ्या चकचकीत प्लेयरमध्ये बोलते पण नुसतं "बटन, बटन". मेमरी कार्डातल्या अर्ध्या गाण्यांचे नावं वाचत नाही. अन् परवा हळदीत एनव्हीडीएचाच आवाज सगळ्या मंडपाले ऐकू गेला, पोट्टे हासले. शेवटी विचारलं का आता जॉज, तो विकतचा स्क्रीन रीडर, घेऊ काय.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, पंधरा वर्षांपासून स्क्रीन रीडरवरच काम करून राहिलो, तालुक्याच्या ठिकाणी आपल्यासारख्या पोट्ट्यायले शिकवतो बी. तू या सगळ्याले एकच नाव देल्लं, "एनव्हीडीए बंद पडते", अन् गाडी तिथंच चुकते. आवाज गेला, का शब्द गेले, का कीबोर्ड गेला, हे तीन वेगळे रोग आहेत. तुमच्याकडं धान, आमच्याकडं कपाशी, पण मावा आहे का बोंडअळी हे न पाहता दुकानदार देईन ते फवारलं तं काय होते हे तुले सांगायले नको. तर आधी रोग ओळखायचा.

पहिले आवाजाचं. गाणं वाजून राहिलं अन् एनव्हीडीए मुका, अशा वेळेस कंट्रोल, विंडोज अन् एंटर एकदम दाब. याने विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू होते. नॅरेटर बोलला तं भानगड एनव्हीडीएमध्ये. नॅरेटरबी मुका तं भानगड साउंडमध्ये आहे, एनव्हीडीए बिचारा बोलूनच राहिला पण त्याचा आवाज बाहेर निघायले रस्ताच नाही. मंग गाणं पुरं स्टॉप कर, पॉज नाही, स्टॉप. स्टॉप केल्याबरोबर आवाज वापस आला तं शंभर टक्के समज का प्लेयरनं साउंड कार्ड एकट्यानं धरून ठेवलं होतं.

त्याले एक्सक्लुझिव्ह मोड म्हणतात. नेहमी काय होते, सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज विंडोज एका जागी मिसळते अन् मंग स्पीकरले देते, म्हणून गाणं अन् एनव्हीडीए सोबत ऐकू येते. पण काही प्लेयरमध्ये सोय आहे का मले विंडोजची मिसळामिसळ नको, साउंड कार्ड थेट माझ्या हातात द्या. लाखाचे हेडफोन लावून शांत खोलीत बसणाऱ्यांसाठी ती सोय आहे, गाण्यातला कणबी इकडचा तिकडं होऊ नये म्हणून. आपण मंडपात चार बेस अन् दोन टॉप ठोकून वाजवतो, शेजारी डिझेलचं जनरेटर धडधडून राहते, आपल्याले त्याचा छटाकभर उपयोग नाही. अन् एकानं कार्ड धरलं की बाकी सगळे बाहेर, एनव्हीडीए, नॅरेटर, सगळे.

तू म्हणतो का सेटिंग मी केलीच नाही. नसन केली, पण सेकंडहँड लॅपटॉप आहे, पहिल्या मालकानं केली असन, नाही तं डिव्हाइस निवडताना लिस्टमध्ये एक ओळ खाली गेला असशीन. फूबारमध्ये कंट्रोल पी दाबून प्रेफरन्सेस उघड, झाडासारख्या लिस्टमध्ये प्लेबॅक, त्याच्या आत आउटपुट, मंग टॅब करत डिव्हाइसच्या कॉम्बो बॉक्सवर ये. नवीन फूबारमध्ये एकच स्पीकर दोनदा ऐकू येते, एकदा साधा अन् एकदा नावाच्या शेवटी "एक्सक्लुझिव्ह" लागून. नाव लांब असलं अन् एनव्हीडीएचा स्पीड फास्ट असला तं शेवटचा शब्द कानातून निसटते, तिथंच घात होते. बाण दाबून प्रत्येक ओळ पूर्ण ऐक, साधा स्पीकर घे, ओके कर.

अन् एकदाचं मूळच कापायचं असन तं विंडोज आर दाबून एम एम एस वाय एस डॉट सी पी एल लिही अन् एंटर मार. जुन्या पद्धतीची साउंडची खिडकी उघडते, ती आपल्याले नवीन सेटिंगपेक्षा कितीतरी बरी. प्लेबॅकच्या लिस्टमध्ये तुझा स्पीकर निवड, प्रॉपर्टीजमध्ये जा, अ‍ॅडव्हान्स्डच्या टॅबवर एक चेकबॉक्स आहे, अ‍ॅप्लिकेशनले या डिव्हाइसचा एक्सक्लुझिव्ह कंट्रोल घेऊ द्या असा. त्याची टिक काढून टाक. मंग कोणताबी प्लेयर आला तरी दादागिरी करू शकत नाही. हे करताना गाणं बंद ठेव नाही तं मुक्यानंच करा लागन. अन् डिव्हाइस दोन असन तं दोघायचीबी काढ.

आता नॅरेटर बोलून राहिला पण एनव्हीडीए नाही, तं काय. एनव्हीडीए फक्त त्या एका प्लेयरमध्येच मुका अन् अल्ट टॅब करून बाहेर आलं की पोपटासारखा बोलते असं असन तं तो झोपला आहे. खरंच त्याले स्लीप मोड म्हणतात अन् तो एका एका प्रोग्रॅमपुरता लागते. एनव्हीडीएचा कीबोर्ड डेस्कटॉप लेआउटवर असन तं एनव्हीडीए की (म्हणजे आपलं कॅप्स लॉक), शिफ्ट अन् एस, लॅपटॉप लेआउट असन तं एनव्हीडीए की, शिफ्ट अन् झेड. प्लेयरच्या खिडकीतच राहून एकदा दाब, उठते. सगळीकडंच मुका असन तं शिफ्टशिवाय नुसतं एनव्हीडीए की अन् एस दाबून पाहा, हे बोलण्याचा मोड बदलते. आपण कॅप्स लॉकले एनव्हीडीए की बनवतो अन् विनअँप प्लेयरमध्ये एस म्हणजे शफल, व्हीएलसीमध्ये एस म्हणजे स्टॉप, अंधारात घाईनं कॅप्सवर करंगळी पडली की झालं. माझ्याजोळ जे "बिघडलेले" लॅपटॉप येतात त्यातले कितीतरी या एका एसनं बिघडलेले असतात, फी घ्यायचीबी लाज वाटते.

अजून एक, विंडोज आर मध्ये एस एन डी व्ही ओ एल. हा व्हॉल्यूम मिक्सर आहे, इथं प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा राहते. कोणी डोळस मदतीले आलं अन् माउसनं "सगळं फुल" करता करता एनव्हीडीएची पट्टी खाली करून गेलं असं बी होते. अन् लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल आला की गाणं एकदम बारीक होते, तेबी एनव्हीडीएचं पाप नाही. त्याच जुन्या साउंडच्या खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे, विंडोज कॉलच्या वेळेस बाकीचे आवाज ८० टक्के कमी करते, तिथं "काही करू नको" निवडून दे.

आता दुसरा रोग, "बटन बटन". हे नीट समजून घे कारण यातच प्लेयर निवडायची सगळी अक्कल आहे. स्क्रीन रीडर स्क्रीन पाहत नाही. तो विंडोजले विचारते का भाऊ फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता ज्या गोष्टीवर आहे ती, कुठं आहे, त्याचं नाव काय, तो बटन आहे का स्लायडर का लिस्ट, अन् तो आत्ता किती आकड्यावर आहे. प्लेयर बनवणाऱ्यानं विंडोजचे साधे बटनं वापरले तं हे उत्तर आपोआप भेटते. पण त्यानं सुंदर दिसावं म्हणून सगळं चित्रासारखं रंगवलं, स्किन चढवली, तं विंडोजजोळ सांगायले काहीच नाही. भिंतीवर दार रंगवलं तं डोळसाले दार दिसते, आपण हात फिरवला तं भिंतच लागते. अन् जिथं "बटन" एवढं तरी बोलते तिथं दार खरं आहे, फक्त पाटी लावायची राहून गेली. पहिल्या जातीवर इलाज नाही, दुसऱ्या जातीवर थोडाबहुत आहे.

दोन्हीतला फरक कसा काढायचा? एनव्हीडीएच्या ऑब्जेक्ट नॅव्हिगेशननं. नमपॅड असन तं एनव्हीडीए की धरून ८ वर म्हणजे बाहेरच्या डब्ब्यात, २ आत, ४ अन् ६ मागं-पुढं, लॅपटॉप लेआउटमध्ये एनव्हीडीए शिफ्ट अन् बाण. पहिले ८ नं प्लेयरच्या खिडकीपर्यंत जा मंग २ नं आत शिर. आत दहा-वीस गोष्टी भेटल्या तं दार खरे आहेत, एकेकावर एनव्हीडीए अन् नमपॅड एंटर, लॅपटॉपवर एनव्हीडीए अन् साधा एंटर मारून कोणतं काय करते हे एकदा पाठ करून घेता येते. आत काहीच नाही, एकच मोठा डब्बा भेटला, तं ते चित्र आहे. त्यावर एनव्हीडीए आर दाबून ओसीआर होते, विंडोज १० पासून ती सोय आहे, पण ओसीआर म्हणजे फोटो वाचणं, "प्ले"चा त्रिकोण असन तं त्याले अक्षरच नाही तर वाचन काय. मी तं सरळ सांगतो, असा प्लेयर अनइन्स्टॉल कर. मित्राले वाईट वाटलं तं वाटू दे.

जुनं विनअँप आपल्या लोकायले काहून आवडे? १९९७ साली आलं ते, अन् झेड, एक्स, सी, व्ही, बी ह्या एकाच ओळीतल्या पाच कीवर मागचं, प्ले, पॉज, स्टॉप, पुढचं सगळं. जे दाबलं की गाणं शोधायचं. डोळ्याचं कामच नाही. एनव्हीडीएमध्ये त्याच्यासाठी आतूनच सोय केली आहे, शफल-रिपीट बदलला तं बोलून दाखवते. फक्त क्लासिक स्किन ठेवायची, मॉडर्न स्किन घेतली की परत भिंतीवरचं दार.

फूबार मले त्याहून बरं वाटते अन् तुझ्याजोळ आहेच तं तेच ठेव. ते २००२ पासून आहे, बनवणारा पीटर पाव्लोव्स्की आधी विनअँपवाल्या कंपनीतच कामाले होता. दिसायले एकदम साधं, म्हणजे डोळस लोक नाक मुरडतात, आपल्याले सोनं. यातबी एनव्हीडीएनं तीन की देल्ल्या आहेत, कंट्रोल शिफ्ट आर म्हणजे किती वेळ उरला, कंट्रोल शिफ्ट ई म्हणजे किती झाला, कंट्रोल शिफ्ट टी म्हणजे पूर्ण गाणं केवढं. नाटकवाल्याले उरलेला वेळ म्हणजे जीव की प्राण, बरोबर ना. पण ह्या की चालायच्या तं फूबारची खालची स्टेटस बार चालू पाहिजे अन् तिचा मजकूर कंपनीनं ठेवला तसाच पाहिजे. कोणी तिथं बिटरेट घुसव, नाव घुसव असं केलं तं एनव्हीडीएले वेळ सापडत नाही. अन् व्ह्यू, लेआउट, क्विक सेटअपमध्ये जाऊन सगळ्यात साधा लेआउट घे, फक्त प्लेलिस्ट. अल्बमचा फोटो, नाचणाऱ्या लाइनी, हे सगळं टॅबच्या रस्त्यात दगड आहेत.

व्हीएलसी? व्हिडिओसाठी ठेव, गाण्यासाठी मी नाही वापरत, त्याची प्लेलिस्ट मले कधी मनासारखी वाचता आली नाही. दोन फंदे तेवढे सांगून ठेवतो. चुकून कंट्रोल एच दाबल्या गेलं तं त्याचा मेनूच गायब होते, अल्ट दाबून दाबून माणूस थकते, परत कंट्रोल एच दाबलं की येते. अन् टी दाबलं की वेळ स्क्रीनवर चमकते पण ते व्हिडिओच्या चित्रावर लिहिलेलं राहते, एनव्हीडीए ते वाचत नाही, त्याले दोष देऊ नको. एखाद्या मिनिटावर जायचं असन तं कंट्रोल टी, वेळ टाइप करायची खिडकी उघडते.

ब्राउझरमध्ये यूट्यूबवर गाणं लावतो तिथं तिसरा रोग भेटते, कीबोर्डचा. के दाबलं तं पॉज व्हायले पाहिजे पण एनव्हीडीए उडी मारून लिंकवर जाते, एम दाबलं तं म्यूट नाही, फ्रेम शोधते. कारण ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे वेबपान वाचायच्या मोडमध्ये, हे अक्षरं एनव्हीडीए स्वतःच खाते, यूट्यूबपर्यंत पोचूच देत नाही. एनव्हीडीए स्पेस दाबून फोकस मोडमध्ये जा, मंग के, जे, एल, एम सगळे चालते. एखादीच की पाठवायची तं एनव्हीडीए एफ२ अन् मंग ती की. जे प्लेयर आतून ब्राउझरच आहेत अन् वरून प्रोग्रॅमचं सोंग घेतात, त्यायलेबी हाच नियम.

गाण्याचे नावं. यात दोन वेगळ्या भानगडी आहेत. नाव देवनागरीत आहे अन् तुझा आवाज विंडोजचा इंग्रजी आहे, डेव्हिड का झिरा, तं तो देवनागरी सरळ गिळून टाकते, तुले वाटते ओळ रिकामी आहे. एनव्हीडीए कंट्रोल एस दाबून ईस्पीक घे अन् त्यात मराठी निवड, रोबोट वाटते पण चार दिवसात कान बसते. नाही तं विंडोजमध्ये हिंदी टाकून हेमंत नाही तं कल्पनाचा आवाज घे, मराठीले जरा हिंदी वळण देते पण नाव कळते. दुसरी भानगड मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानायची. जुन्या कॉम्प्युटरवर कृतीदेव, श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं नाव त्या फॉन्टातच मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरायचा अन् चिन्हायचा चिवडा राहते, अन् स्क्रीन रीडर वरचं नाही, आतलंच वाचते. त्याले कोणताच आवाज कामाचा नाही, नाव युनिकोडमध्ये परत लिहिणं हाच उपाय. फूबारमध्ये गाण्यावर अल्ट एंटर मारलं की प्रॉपर्टीज उघडते, टायटल अन् आर्टिस्ट तिथं लिहिता येते, अन् लक्षात ठेव का फाइलचं नाव वेगळं अन् टॅगमधलं, म्हणजे गाण्याच्या फाइलच्या आत लिहिलेलं, नाव वेगळं, एफ२ नं फाइलचं नाव बदललं तरी प्लेयर टॅगमधलंच बोलन. पावसाळ्यात काम नसते तेव्हा रोज वीस-वीस गाणे घे. बहिणीले सोबत बसव, पटापट होते.

आता मंडपात एनव्हीडीए बोलला ते. हासू नको पण हे माझ्यासोबतबी झालं आहे अन् ते हळदीत नाही, तेरवीत. नुसतं भजन लावायचं होतं, मी एकाच वायरनं लॅपटॉप मिक्सरले जोडला अन् विनअँपमध्ये एस लागला तं सगळ्या मंडपात "शफल ऑन". मी घाबरून परत दाबला, "शफल ऑफ". समोर फोटोले हार घातलेला, बायका रडून राहिल्या. त्या घरचे लोक काही बोलले नाही पण मी जेवलो नाही त्या दिवशी.

तर एक वायर म्हणजे बोंब. दोन साउंड कार्ड पाहिजेत. लॅपटॉपमधलं एक आहेच, दुसरं पेनड्राइव्हएवढं यूएसबीचं भेटते, मोबाइल दुकानात दोन-तीनशेत. लॅपटॉपचं स्वतःचं जे होल आहे त्यात तुझा इअरफोन, एकाच कानात, दुसरा कान मंडपाले मोकळा ठेव. यूएसबीवाल्या कार्डातून वायर मिक्सरले. विंडोजमध्ये डिफॉल्ट डिव्हाइस लॅपटॉपचंच राहू दे, म्हणजे एनव्हीडीए, बॅटरीची टिंगटिंग, व्हॉट्सअ‍ॅपची घंटी सगळं तुझ्या कानात. अन् फक्त फूबारले आउटपुटमध्ये जाऊन यूएसबीचं कार्ड सांग. लोक उलटं करतात, यूएसबीले डिफॉल्ट करतात अन् एनव्हीडीएले इअरफोनवर पाठवतात, मंग एनव्हीडीए तं गप्प राहते पण विंडोजचा अपडेटचा टिंग सगळं गाव ऐकते.

हे केल्यावर दोन गोष्टी सांभाळ. यूएसबी कार्ड रोज त्याच होलमध्ये खोच, दुसऱ्या होलमध्ये खोचलं तं विंडोज कधीकधी त्याले नवीन पाहुणा समजते अन् फूबारले जुनं डिव्हाइस सापडत नाही, गाणं एरर देऊन थांबते. मी होलजोळ फेविक्विकचा एक थेंब टाकून ठेवला, बोटाले लागते. दुसरं म्हणजे लाइट गेली अन् जनरेटर सुरू व्हायच्या मधात लॅपटॉप बॅटरीवर टिकला पाहिजे. बॅटरी मेलेली असन तं तेवढ्यात तो बंद पडते अन् परत चालू केल्यावर एनव्हीडीए आपोआप सुरू व्हायची टिक नसन तं तू आंधळाच बसशीन. एनव्हीडीएच्या जनरल सेटिंगमध्ये साइन इन केल्यावर सुरू व्हायचा चेकबॉक्स आहे, तो आताच लाव. नाही तं कंट्रोल अल्ट एन दाबून तो सुरू करा लागन.

गाणं मधातच बारीक-मोठं, बारीक-मोठं होते असंबी एका ओळीत लिहिलं तू. ते ऑडिओ डकिंग आहे, एनव्हीडीए बोलते तेव्हा तो बाकीचे आवाज खाली दाबते. घरी बरं आहे, मंडपात नाही. एनव्हीडीए शिफ्ट डी दाबत जा, "नो डकिंग" बोलला का सोड. ही की पोर्टेबल एनव्हीडीएमध्ये चालत नाही, इन्स्टॉल केलेलाच पाहिजे, अन् तसंबी पेनड्राइव्हवरचा पोर्टेबल धंद्याले वापरू नको, एखादा प्लेयर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला असन तं पोर्टेबलले त्याच्या खिडकीत शिरताच येत नाही.

झाडीपट्टीच्या नाटकाचं गणित लग्नाहून वेगळं, म्हणून फूबारमधल्या दोन जागा खास सांगतो. रात्रभर चालते नाटक, एका मागून एक क्यू, म्हणजे ठरल्या जागी वाजवायचे तुकडे, अन् दार वाजायच्या जागी लावणी वाजली तं नट तुले खाऊन टाकन. प्लेबॅकच्या मेनूत "स्टॉप आफ्टर करंट" आहे, ते लावलं की एक तुकडा संपल्यावर प्लेयर थांबते, पुढचा आपोआप सुरू होत नाही, पण पहिल्या क्यूनंतर ते लागलेलंच आहे का सुटलं हे तालमीतच तपासून घे. त्याच मेनूत "कर्सर फॉलोज प्लेबॅक" आहे, ते बंद ठेव, नाही तं गाणं बदललं की फोकस उडी मारते अन् तू पुढचा क्यू शोधून ठेवला तो हातातून जाते, वरून एनव्हीडीए न विचारता नाव बोलते. फाइलच्या नावाच्या अन् टॅगमधल्या टायटलच्याबी आधी शून्य एक, शून्य दोन असे आकडे दे, प्रवेशाप्रमाणं. नाव आठवायची गरजच नाही पडत, आकडा ऐकला का एंटर.

अन् एनव्हीडीए २०२४.१ पासून बोलण्याचा एक नवीन मोड आला आहे, ऑन डिमांड. तोच एनव्हीडीए एसवाला फेरा, दाबत जा तं भेटते. यात एनव्हीडीए आपोआप काहीच बोलत नाही, तू विचारलं तरच. एनव्हीडीए टी दाबलं की खिडकीचं टायटल, म्हणजे फूबारमध्ये चालू गाण्याचं नाव, एनव्हीडीए टॅब दाबलं की फोकस कुठं आहे. स्टेजवर संवाद सुरू असताना कानात सारखी बडबड नको असते तेव्हा हा मोड लय कामाचा. लॅपटॉपवर विंडोज ७ च असन तं मात्र हा भेटणार नाही, त्यावर एनव्हीडीए २०२३.३ च्या मालिकेतच थांबला.

अचानक सगळंच बिघडलं, काल चालत होतं अन् आज फूबारबी वाचत नाही असं झालं तं एनव्हीडीए क्यू दाबून बाहेर पडायच्या खिडकीत "अ‍ॅड-ऑन बंद करून रीस्टार्ट" निवड. बरं वाटलं तं गुन्हेगार एखादं अ‍ॅड-ऑन, म्हणजे एनव्हीडीएले वरून जोडलेला जादा प्रोग्रॅम, वर्षाच्या पहिल्या मोठ्या अपडेटनंतर जुने अ‍ॅड-ऑन अडतातच. नाही बरं वाटलं अन् सगळीकडं "अननोन" ऐकू येऊन राहिलं तं एनव्हीडीएच्या मेनूत टूल्समध्ये कॉम रजिस्ट्रेशन दुरुस्त करायचं टूल आहे, ते चालव अन् लॅपटॉप रीस्टार्ट कर. दुसरं एखादं सॉफ्टवेअर काढताना ते विंडोजच्या नोंदीबी सोबत उपटून नेते, त्याची ही दवा. लग्नाच्या दिवशी मात्र काहीच अपडेट करू नको, वरात दारात असली तरी अपडेटले घाई राहत नाही.

ब्लूटूथ स्पीकरचं विचारलं नाही तू पण विचारशीन. मिक्सरसाठी नाही वापरायचा, आवाज उशिरा पोचते. घरी वापरला अन् एनव्हीडीएच्या प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द कापल्या जाऊन राहिला तं स्पीकर मधात झोपून राहिला असं समज. नवीन एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बोलणं झाल्यावर डिव्हाइस किती वेळ जागं ठेवायचं याचा आकडा आहे, तो वाढव.

राहिलं जॉज. चांगलं आहे, हापिसात, बँकेत, एक्सेलवर बसणारे वापरतात. पण पैसे न भरता टाकलं तं ४० मिनिटं चालते अन् परत कॉम्प्युटर रीस्टार्ट करा लागते, अर्ध्या वरातीत तू काय करशीन. अन् पैसे भरूनबी भिंतीवर रंगवलेलं दार जॉजले उघडत नाही, एक्सक्लुझिव्हमध्ये तोबी एनव्हीडीएसारखाच मुका होते. एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करननं सुरू केला, तो स्वतः आंधळा, मंग जेम्स टेह सोबत आला तोबी आंधळा, अन् आजबी एनव्हीडीए फुकट आहे. ते पैसे ठेव. त्यातून दोन यूएसबी साउंड कार्ड घे, एक वापरायले अन् एक खिशात, कारण मंडपात कोणाचा ना कोणाचा पाय त्या वायरवर पडतेच.